धुरपतामामीची झाडणी

पडदा वर जातो.

मधोमध मारुतीचा पार. पारामागे चिंचेचं जुनं झाड, त्याची एक जाड फांदी रंगमंचावरच्या तुळईसारखी आडवी पुढे आलेली, तिला एक रंगवलेला पडदा टांगलेला. उजवीकडे हलकं धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, त्यांच्या पलीकडे बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, संथ पाणी आणि अगदी मागे, धुरकट निळा, आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडचा डोंगर. दिवाळी नुकतीच सरली आहे. दुपारचं ऊन तिरपं झालं आहे. पात्रं आपापल्या जागी उभी आहेत. पारावर पेटी घेऊन बसलेला ईश्वरदास. फांदीखाली उघड्या डोक्यानं उभा असलेला भैय्यालाल. आणि बुंध्याशी, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचून, हातात बांबूची लवलवती कमची घेऊन उभी राहिलेली धुरपतामामी.

रसिकहो, मी स्त्रीपार्टी नट. मिशा भादरून मी पुष्कळ राण्या केल्या. रुसलेल्या केल्या, रागावलेल्या केल्या, राजाला फटकारणाऱ्या केल्या. टाळ्या मिळाल्या, नारळ मिळाले. पण त्यातली एकही राणी धुरपतामामीच्या पासंगाला पुरली नसती. आणि खरं सांगतो, तिनं आम्हाला जितकं छळलं तितकं कुठल्याही खलनायकानं छळलं नाही. एवढी चांगली बाई, आणि एवढी हट्टी! आज ती डोळ्यांपुढे आली तरी हात आधी जोडले जातात आणि मग कपाळावर जातात.

ती कमची, ती फांदी आणि त्या फांदीला टांगलेला पडदा, हे प्रकरण काय होतं ते आधी सांगायला हवं.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडचं. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की दंडार, आमचं गाण्यांचं लोकनाट्य, आलीच. आमच्या दंडारीच्या मंडळाकडे पूर्वी पडदा म्हणून एक लाल चादर होती. देश स्वतंत्र झाला त्या साली मंडळाला वाटलं, आता आपलाही दरबार असावा. धुरपतामामीचा नवरा दुधराम दुसऱ्याच्या बांध्या कसायचा आणि रिकाम्या वेळात लोकांच्या दारांवर मोर काढायचा. त्यानं मांजरपाट जोडून जोडून भला मोठा पडदा शिवला आणि त्यावर राजाचा दरबार रंगवला. गेरू, नीळ, हळद, काजळी, खडू. रंग धरावा म्हणून कापडाला आधी तांदळाची घट्ट पेज पाजली. आमच्या मुलखात पेज सगळ्यांनाच लागते: आजाऱ्याला, बाळंतिणीला, धोतराला, तशी पडद्यालाही. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना त्यानं हत्ती काढले. हत्ती दुधरामनं जन्मात पाहिला नव्हता, म्हशी मात्र रोज पाहायचा. त्यामुळे ते हत्ती आम्हाला ओळखीचे वाटायचे.

दोन वर्षांनी दुधराम तापानं गेला. पडदा मामीनं घरी नेला तो नेलाच. मुकुट, तलवारी, दाढ्यामिशा सगळं ईश्वरदासच्या धानाच्या गोदामात राहायचं, कारण तो मंडळाचा कारभारी आणि पेटीवाला. पण पडद्याचं नाव काढलं की मामी म्हणायची, "तो माह्या घरी राहीन. त्याईच्या हातचा हाये."

दरवर्षी मंडई संपली की ती पडद्याच्या पाठीला पेजेचा एक हात द्यायची, कापड ताठ राहावं म्हणून. मग तो बांबूवर गुंडाळायची, पोत्यात शिवायची आणि धानाच्या कोठीवर आढ्याला टांगायची. सगळा पावसाळा तो तिथे लोंबत असे. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे भिंतींना घाम सुटतो, मीठ पाघळतं, कोपऱ्यातल्या वहाणेला लव फुटते. दिवाळीनंतर पोतं उसवलं की आतला दरबार बाहेर यायचा तो हिरव्या-काळ्या मखमलीची शाल पांघरूनच.

"धूळ हाये," मामी म्हणायची.

"मामी, धूळ वरून पडते. शिवलेल्या पोत्यात कुठून आली?"

"तुले लय समजते. तू तुही वेणी घाल."

आणि मग झाडणी. ही रीत लाल चादरीच्या काळापासूनची. मंडईच्या आदल्या दिवशी पडदा चिंचेच्या फांदीला टांगायचा, मुख्य गाणाऱ्यानं त्याच्याखाली तोंड वर करून उभं राहायचं, आणि घरधनिणीनं कमचीनं पडदा झोडपायचा. पहिली धूळ गाणाऱ्याच्या अंगावर पडली पाहिजे. तो रंगदेवतेचा प्रसाद. जितकी धूळ पडेल तितका आवाज चढेल, असा सगळ्यांचा पक्का समज. लाल चादरीतून धूळ ती किती पडणार? पण दुधरामच्या दरबारातून एक फटका मारला की ढग उठायचा. तिरप्या उन्हात तो ढग असा सावकाश तरंगायचा, फिरायचा, पसरायचा, की लोक आपोआप हात जोडायचे. देव प्रकट व्हायच्या आधी आम्ही राळ जाळून धूर काढायचो, तोही इतका देखणा नसायचा.

आणि मुख्य गाणारा कोण? मामीचाच एकुलता एक मुलगा, भैय्यालाल. राजपार्टी. आवाज असा की बोडीच्या पलीकडच्या बांधावरचा गडी हातातला विळा थांबवून ऐकायचा. स्वभावानं गरीब गाय. रंगमंचावर प्रधानाला सुळावर चढवायचा आणि घरी आईला "मीठ कमी आहे" एवढंही म्हणायचा नाही.

पहिल्या वर्षी प्रसाद अंगावर पडला आणि त्याला शिंका आल्या. देवी पावली, असं ठरलं. पुढच्या वर्षी डोळे लाल झाले. त्याच्या पुढच्या वर्षी संध्याकाळपर्यंत छाती वाजायला लागली. हळूहळू अशी वेळ आली की ईश्वरदासच्या पेटीच्या आधी भैय्यालालच्या छातीतूनच सूर निघायचा. मंडई संपली, पडदा पोत्यात गेला, की काही दिवसांनी गडी पुन्हा ठणठणीत. वर्षभर नांगर धरायचा, रोवणीला चिखलात राबायचा, गाणी म्हणायचा. दिवाळी गेली की पुन्हा तेच.

"नजर हाये," मामीनं निदान केलं. "एवढ्या लोकाईसमोर गाते माहा पोरगा. लागनच ना!"

"मग काय करायचं?"

"झाडणी जोरानं करा लागन."

आता सांगा, अशा माणसापुढे काय करावं? पोराची छाती जितकी जास्त वाजे, तितकी ती जास्त जोरानं झोडपे. पडदा मलूल दिसतो म्हणून पेजेचे दोन हात देऊ लागली. पुढच्या दिवाळीला मखमल आणखी दाट. शामकला, भैय्यालालची बायको, चुलीपाशी बसून मला हळूच म्हणाली होती, "भाऊजी, यंदा त्या पडद्याले बोकडासारखी दाढी आली हाये. तुमाले दाढ्या आणा लागत नाईत आता." सासूनं ऐकलं आणि दोन दिवस सुनेशी अबोला धरला.

मग एका मंडईला व्हायचं ते झालं. दरबाराचा प्रवेश. राजानं उभं राहून लांबलचक पद म्हणायचं. भैय्यालालनं पहिली ओळ उचलली, दुसरीला थांबला आणि सिंहासनावर मटकन बसला. ओठ निळसर. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! टाळ्या पडल्या. मी पदरानं त्याला वारा घालायला लागलो. राणीनं राजाला वारा घालावा असं आमच्या दंडारीत कुठेही नव्हतं. ईश्वरदास पेटीचा भाता ओढत तेच तेच वाजवत राहिला. शेवटी बैलगाडीत घालून आम्ही राजाला अर्जुनीला नेलं. मुकुट काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिथे छोटेलाल डॉक्टर होते. गोंदियाकडचे, अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. सुई टोचली, औषध दिलं, मग मुकुटाकडे पाहत म्हणाले, "साल भर तंदुरुस्त, और मंडई आई कि बीमार? करते क्या हो मंडई में?"

मी झाडणीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"ऊपर मुँह करके खड़ा रहता है?"

"हो."

"मुँह खुला?"

"गाणारा माणूस आहे, डॉक्टर. तोंड उघडंच असणार."

"और मारती कौन है?"

"त्याची आई."

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "अगले साल वो बोरा खोलो, तब मुझे बुलाना. हिलाना मत. मैं आऊँगा।"

आणि खरंच आले. पुढच्या दिवाळीनंतर, सायकल मारत, धोतराला क्लिपा लावून. मामीनं पोतं कोठीच्या खोलीत उसवून ठेवलं होतं. खोलीत अंधार, फक्त छपराच्या एका फुटक्या कवेलूतून उन्हाचा एकच दांडा आत उतरला होता. डॉक्टरांनी पडद्याचा एक कोपरा अलगद त्या उजेडापाशी आणला. आम्ही सगळे दाराशी नाकाला फडकी लावून उभे, कारण डॉक्टरांनी तशी तंबीच दिली होती. मामीनं मात्र फडकं घेतलं नाही. "माह्या घरात मी तोंड कायले बांधू?"

डॉक्टरांनी एका बोटानं पडद्याला टिचकी मारली. एकच टिचकी. त्या उजेडाच्या दांड्यात धूर उभा राहिला. वळवळत वर चढला, दांड्याच्या कडेपर्यंत गेला आणि अंधारात शिरून दिसेनासा झाला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि शामकलेला म्हणाले, "बेटी, ज़रा सामने से चल के जा." ती पुढून नुसती चालत गेली. तिच्या लुगड्याच्या वाऱ्यानं पुन्हा धूर.

"देखा? मारने की भी ज़रूरत नहीं. ये धूल नहीं है, ज़िंदा चीज़ है. फफूंद. पतली पतली डंडी, और हर डंडी के सिर पर बुकनी. सूख गई कि बस हवा की राह देखती है।"

मग त्यांनी आपला रुमाल पाण्यात भिजवला, पिळला आणि दुसऱ्या एका हिरव्या डागावर ठेवून पुसला. उजेडात काहीच उठलं नाही. रुमाल तेवढा काळा झाला. ते समजावत होते आणि मी मनात मराठी करून घेत होतो: बुरशी ओली असते तोवर तिची भुकटी जागेला चिकटून असते. पाऊस संपतो, घर सुकतं, तशी ती भुकटीही सुकते आणि सैल होते. मग धक्का लागो, झुळूक लागो, कुणी नुसतं पुढून जावो, ती उडते. धूळ खाली बसते, ही बसत नाही. इतकी हलकी की तासन् तास तरंगत राहते, आणि श्वासाबरोबर थेट छातीत उतरते. जिथे ओल मिळेल तिथे नव्यानं उगवते. उडणं हीच तिची पेरणी.

मामी एकदम पुढे झाली. "म्हंजे आवत्या टाकून रायली म्हणा ना! आपण बांधीत मुठीनं धान फेकतो तसं."

"वही! बिलकुल वही!" डॉक्टर खूश झाले. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण डॉक्टरांना थांबायचं कळलं नाही. त्यांनी पडद्याची पाठ उलटून दाखवली. बुरशी सगळीकडे सारखी नव्हती. पट्ट्यापट्ट्यांनी होती, पेजेचे हात जसे फिरले होते अगदी तशी.

"और ये देखो. आपने इसको खाना खिलाया है. हर साल. चावल का माँड।"

 नाटकात अशा वाक्यानंतर वीज पडते. इथेही पडली.

"माही पेज?" मामी म्हणाली. "माह्या पेजेनं? ज्या पेजेवर हा पोरगा वाढला, बाप मेल्यावर दोन वेळ ज्या पेजेवर जगला, त्या पेजेनं याचा दम कोंडला म्हंता तुमी?"

"माताजी, मेरा मतलब..."

"सायकल बाहेर हाये तुमची. हवा हाये ना चाकात?"

डॉक्टर गेले. जाताना मला म्हणाले, "परदा जला दो." मी म्हटलं, "डॉक्टर, हे तुम्ही तिला सांगून पाहा." त्यांनी सायकलवर टांग टाकली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून डोकं दुखतं. ईश्वरदास गेला, म्हणाला, "मामी, गोंदियासे भाड़े का परदा मंगा लेता हूँ. असली हाथी रहेंगे उसमें." मामी म्हणाली, "मंग राजा बी भाड्याचा आन." मी गेलो, पाया पडलो. म्हटलं, पुसून काढ ओल्या फडक्यानं. तर म्हणाली, "रंग जाईन. पेजेत बांधलेला रंग हाये तो. पाणी लागलं का सगळा वाहून जाईन. मंग त्याईचं काय राह्यलं माह्यापाशी? ना फोटो, ना काही."  तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पडदा ठेवावा तर मुलाचा श्वास जातो, आणि मुलाचा श्वास राखावा तर नवऱ्याच्या हातची शेवटची खूण जाते. पण हे असं ती कधीच म्हणायची नाही. ती म्हणायची, "डॉक्टरले का समजते? लिंबू उतरवून टाकते अन् झाडणी करते."

आणि भैय्यालाल? त्याला मी बांधावर गाठलं. "अरे, तू तरी बोल ना तिच्याशी! छाती तुझी आहे!"

तो पायानं ढेकूळ फोडत म्हणाला, "मायले वाईट वाटन."

मला त्या क्षणी त्या मायलेकरांना एकाच पोत्यात शिवून आढ्याला टांगावंसं वाटलं.

तर तो दिवस. सुरुवातीला मी जो पडदा वर केला, तो याच दुपारी. फांदीला दरबार टांगलेला. आणताना तो शक्य तितका कमी हलेल असं आम्ही पाहिलं होतं, तरी ईश्वरदास दोनदा शिंकला. सगळं गाव पाराभोवती जमलेलं. पेटीचा सूर लागला. भैय्यालाल पुढे झाला, पडद्याखाली उभा राहिला, तोंड वर केलं. मामीनं कमची कपाळाला लावली आणि हात उगारला.

हात वरच राहिला.

रंगमंचावर दुसऱ्याचा श्वास ऐकायची आम्हाला सवय असते. समोरचा नट कधी बोलणार ते त्याच्या श्वासावरून कळतं. म्हणून ती काय पाहते आहे ते मलाही दिसलं. भैय्यालालचं तोंड मिटलेलं होतं. गालफडं ताठ, गळ्याची शीर फुगलेली. बोडीत बुडी मारायच्या आधी पोरं जशी छाती भरून घेतात तशी त्यानं छाती भरून घेतली होती, आणि तो दम धरून उभा होता.

"काऊन गा," मामी म्हणाली, "दम काऊन धरून रायला?"

तो बोलला नाही. बोलायला श्वास सोडावा लागला असता.

"सांग ना!"

त्यानं श्वास सोडला. "काही नाई, माय. तू मार."

मामीचा हात खाली आला. "भेव लागते तुले?"

त्यानं मान खाली घातली. तिसाव्या वर्षाकडे झुकलेला बाप्या, मिशीवाला, दोन लेकरांचा बाप.

"अन् कधीपासून लागते?"

"दोन-तीन वर्ष झाले असन."

"लेका, मंग तोंडानं सांगतलं असतं तं का जीभ झडली असती तुही? एवढा राजा होते, सुळावर चढवते लोकाईले, अन् मायले एक गोष्ट सांगाले तोंड नाई?"  कमची तिनं अशी भिरकावली की पारावरच्या म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. मग तिचा मोर्चा आमच्याकडे वळला. "अन् तुमी पाहून का रायले सगळे? पाणी आना! लेका, तू बाजूले हो, तिकडे विहिरीपाशी जाऊन उभा राहा. हलू नोको तिथून."

"पानी?" ईश्वरदास उठून उभा राहिला. "मामी, दरबार बह जाएगा!"

"वाहू दे."

बायांनी घागरी आणल्या. मामीनं पाणी फेकलं नाही. नाकाला पदर बांधला, खालच्या काठापासून सुरुवात केली आणि ओंजळीनं पडदा निवांत भिजवत वर गेली, जशी काही ती लेकराला न्हाऊ घालत होती. ढग उठला नाही. पण दुधरामचा दरबार उतरायला लागला. निळं आभाळ सिंहासनावर आलं, सिंहासन पायऱ्यांवर आलं, पायऱ्या चिंचेच्या मुळाशी मातीत गेल्या. काजळीचे ओघळ राजाच्या छत्रातून खाली आले. एका हत्तीच्या डोळ्यावर तिचा हात जरा थांबला. मग तिथेही तिनं पाणी घातलं.

 नुसतं पाणी ठिबकत होतं.

मग तो ओला जड पडदा आम्ही उचलून बोडीवर नेला आणि तिनं तो रिठ्यानं घासला, पेजेचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. संध्याकाळी मला म्हणाली, "हात दुखून रायले. तू राणी हायेस ना? दाब." मी दाबले.

दुसऱ्या दिवशी मंडईला दंडार झाली ती त्याच पडद्यापुढे. कुठे गेरूचा फिका डाग, कुठे निळा. बाकी सगळं कोरं. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडला, "हा दरबार हाये का धोब्याचा घाट?"

बायांच्या गर्दीतून मामी उभी राहिली. "राजा दिसून रायला ना तुले? मंग दरबारच हाये. चूप बस."

भैय्यालालनं ते लांबलचक पद उभ्यानं म्हटलं. शेवटाला छाती थोडी वाजली, नाही असं नाही. इतक्या वर्षांचं दुखणं एका दिवसात जात नाही असं डॉक्टर म्हणालेच होते. पण बसला नाही.

इथे पडदा पडला असता तर बरं झालं असतं. पण धुरपतामामीला एखादी गोष्ट पटणं हे तिला ती न पटण्यापेक्षाही आम्हाला अवघड होतं. आता तिला ओल्या फडक्याचं वेड लागलं. गावात कुणी कोरडं झाडताना दिसलं की भांडण. "उडवून रायली? पेरून रायली का लोकाईच्या छातीत?" ईश्वरदासच्या गोदामात जाऊन तिनं आमच्या दाढ्यामिशा, गंगावनं, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं आणि तसंच ओलं पेटाऱ्यात कोंबलं. पुढच्या वर्षी पेटारा उघडला तर प्रधानाच्या दाढीला दाढी आलेली. एकदा तर तिनं ईश्वरदासची पेटी आतून पुसली. चार सुरांनी कायमची मान टाकली. ईश्वरदास रडकुंडीला येऊन छोटेलाल डॉक्टरांकडे गेला; डॉक्टर पुन्हा सायकल मारत आले आणि फाटकाबाहेरूनच ओरडले, "माताजी, पोंछने के बाद सुखाना भी पड़ता है! धूप! धूप!"

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?" आतून उत्तर आलं. "अर्धीच गोष्ट सांगते अन् सायकल घेऊन पळते." मग त्यांना आत बोलावून चहा पाजला. बोल मात्र लावायचे ते लावलेच.

तेव्हापासून पडदा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दोन्ही अंगांनी उन्हात पडायचा. पेज पुन्हा कधी लागली नाही. झाडणीही संपली, म्हातारे कुरकुरले, पण मामीशी भांडायला कुणी आलं नाही. भैय्यालाल दरवर्षी गायचा. एखाद्या हिवाळ्यात छाती वाजायची, तेव्हा मामी त्याला रागे भरायची, जणू तो मुद्दाम वाजवत होता. ईश्वरदासनं कितीदा सुचवलं की कोऱ्या पडद्यावर नवा दरबार रंगवून घेऊ. मामी म्हणायची, "घे ना. कोण नोको म्हंते?" पण कुणी रंगवला नाही. आमच्या डोळ्यांना ते हत्ती तिथे दिसतच होते.

साठ सालच्या पौषात मामी अंथरुणाला खिळली. वय झालं होतं, त्यात ताप. छोटेलाल डॉक्टर येऊन गेले, बाहेर येऊन नुसती मान हलवली. दुपारची वेळ होती. खाट अंगणात उन्हाला ओढली होती. उशाशी भैय्यालाल, पायथ्याशी शामकला, बाजूला मी आणि ईश्वरदास. मामीचे डोळे मिटलेले. शामकला कानाशी वाकून म्हणाली, "आत्याबाई, काही पायजे का?" मामीनं बोट उचलून मुलाकडे दाखवलं, आणि मग ते बोट ओठाशी नेलं. म्हण, असं.

भैय्यालालनं सुरुवात केली.  रडू आवरत, हुंदका गिळत, लवकर संपावं म्हणून तो शब्दांवर शब्द रेटत चालला. सूर फाटला. पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. ईश्वरदासनं तोंड फिरवलं.

मामीनं डोळे उघडले. कपाळावर तीच जुनी आठी, जी पाहिली की आम्ही सगळे सरळ उभे राहायचो. मुलाकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाली,

"अरे, आधी दम तं घे पुरा. गाणं का पळून चाललं?"